पन्नास हजारात कोणती ऑर्केस्ट्रा लायब्ररी घेऊ?

प्रश्न आलाय ऑर्केस्ट्रा लायब्ररीबद्दल, म्हणजे खऱ्या वादकांचे सूर रेकॉर्ड करून कीबोर्डवरून वाजवायला बनवलेल्या संचाबद्दल. नागपूरचाच एक पोट्टा आहे, राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांना पार्श्वसंगीत करतो, मधेमधे शॉर्टफिल्म, आणि अशोक विजयादशमी जवळ आली की भीमगीतांच्या अल्बमची अरेंजमेंट. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, चार सप्तकांचा कीबोर्ड. पन्नास हजार जमवलेत आणि विचारून राहिला की कुठल्या कंपनीची, स्पिटफायर घेऊ, ईस्टवेस्ट घेऊ, सिनेमॅटिक स्टुडिओ घेऊ, का मित्राकडे सगळंच भरलेली क्रॅकवाली हार्डडिस्क आहे तीच कॉपी करून मोकळा होऊ, आणि यातली सगळ्यात रिअल कोणती ते सांगा.

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. स्पिटफायरची बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा, तिची डिस्कव्हर नावाची छोटी आवृत्ती फुकट मिळते, ती आजच टाक. पैसे फक्त स्ट्रिंग्जवर, म्हणजे व्हायोलिन-चेलोसारख्या गजाच्या वाद्यांवर, खर्च कर आणि त्यातही लेगाटो (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं) चांगला असलेल्या एकाच लायब्ररीवर, माझं मत सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्जला. एक चांगली एसएसडी घे. उरलेले पैसे व्हायोलिनवाल्याला द्यायला ठेव. ब्रास, वुडविंड, कॉयर, एपिक ड्रम वगैरे सध्या नको.

आता रिअल कोणती या प्रश्नाचं. भाऊ, सगळ्याच रिअल आहेत. खऱ्या हॉलमध्ये खऱ्या वादकांना बसवून एकेक सूर रेकॉर्ड केलेला असतो, हळू, मध्यम, जोरात असा प्रत्येक सूर तीन-चार पातळ्यांवर, छोटे सूर परतपरत वाजवून घेतलेले असतात म्हणजे एकच सूर लागोपाठ वाजवला तर दर वेळी वेगळं रेकॉर्डिंग येतं. त्यामुळे एकच की दाबून ऐकलं तर दहा वर्षं जुनी लायब्ररी पण झकास वाटते. फरक पडतो तो दोन सुरांच्या मधे काय होतं, हळूवरून जोरात जाताना काय होतं आणि आठ सूर भराभर वाजवले की काय होतं, यात. म्हणजे लायब्ररीचा आवाज ऐकून नाही, तिची वागणूक बघून निवडायची.

आणि ही वागणूक डेमो ट्रॅकमध्ये दिसत नाही. डेमो कंपनीने पैसे देऊन करून घेतलेला असतो, करणारा माणूस तयारीचा असतो, जिथे लायब्ररी कमी पडते तिथून तो शिताफीने वळून जातो. पुष्कळदा खालून टिंपनी (मोठे नगारे) आणि वरून कॉयर घालून सगळं झाकलेलं असतं. यूट्यूबवर वॉकथ्रू बघ ज्यात माणूस एकट्या व्हायोलिन सेक्शनवर (एकाच वाद्याच्या वादकांचा ताफा), दुसरं काहीही न लावता, साधी चाल वाजवतो. हेडफोन घाल आणि तीन गोष्टी ऐक. एक तर मॉड व्हील, म्हणजे सुराचा जोर बदलणारं कीबोर्डवरचं चाक, तळापासून वरपर्यंत हळू नेताना आवाजाचा पोत बदलतो का नुसता मोठा होतो, आणि बदलताना मधेच दोन आवाज एकावर एक ऐकू येतात का. सेक्शनमध्ये हे लपतं, सोलो वाद्यात, बासरी-ओबोमध्ये तर फार उघडं पडतं, एका जागी दोन बासऱ्या वाजल्यासारख्या वाटतात. दुसरं, एकच स्पिकाटो (गज उसळवून काढलेला तुटक) सूर सोळाच्या गतीत ठोकून बघतात ते ऐक, मशीनगन होते का. तिसरं म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं, लेगाटो, आणि यावर जरा थांबतो कारण तुझे पैसे इथेच जाणार आहेत.

खरा लेगाटो म्हणजे त्या लोकांनी सा वरून रे, सा वरून ग, सा वरून म असं प्रत्येक अंतराचं जाणं वेगळं रेकॉर्ड केलेलं असतं. तू एक की धरून दुसरी दाबली की लायब्ररी आधी ते जाणं वाजवते आणि मग पुढचा सूर लावते. बीबीसी डिस्कव्हरमध्ये हे नाहीये, तिथे लाँग (लांब सूर), स्पिकाटो, पिझिकाटो (बोटाने छेडलेला सूर), ट्रेमोलो (थरथरत्या गजाचा सूर) एवढंच मिळतं, म्हणून चाल वाजवली की सूर सुटेसुटे वाटतात आणि माणूस म्हणतो फुकटातलं आहे म्हणून असं. पण फुकट आहे म्हणून नाही, जाण्याचं रेकॉर्डिंग त्यात नाही म्हणून. डिस्कव्हरवर पॅड, कॉर्ड, स्पिकाटोचे ठेके मस्त होतात, चाल होत नाही.

सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्जमध्ये (पुढे सीएसएस म्हणतो) हे जाणं अफाट सुंदर आहे, पण त्याची किंमत म्हणजे ते उशिरा येतं. ॲडव्हान्स्ड लेगाटोमध्ये तू की किती जोरात दाबतोस त्यावरून तीन गती ठरतात, हळू दाबली तर पुढचा सूर साधारण ३३३ मिलिसेकंदांनी पोचतो, मध्यम २५० आणि जोरात १००. आता हिशोब कर. तुझ्या गाण्याची लय ७२ असेल तर एक मात्रा ८३३ मिलिसेकंदांची, म्हणजे हळू लेगाटो तब्बल दोन-पंचमांश मात्रा मागे. बरोबर लयीत वाजवलेली चाल ऐकायला घेतली की सगळा सेक्शन जेवून आल्यासारखा मागेमागे. बरेच जण इथेच वैतागून लायब्ररी बेकार म्हणून सोडून देतात. यावर उपाय असा की वाजवताना डिस्कव्हरच्या लाँगवर वाजव, तो लगेच वाजतो, मग ती मिडी, म्हणजे कोणती की कधी दाबली याची नोंद, सीएसएसच्या ट्रॅकवर टाक आणि सूर डावीकडे सरकव. सगळे सारखे नाही सरकवायचे. फ्रेजचा पहिला सूर लेगाटो नसतो म्हणून थोडाच सरकव, पुढचे हळू लेगाटोचे ३३३ च्या आसपास, भराभर सूर असतील तर १००. रीपरमध्ये ट्रॅकला प्लेबॅक ऑफसेट देता येतो, त्याने सगळा ट्रॅक एकदम डावीकडे ओढून मग फक्त वेगळे असलेले सूर हाताने दुरुस्त केले की काम अर्ध्यावर येतं. नंतरच्या अपडेटमध्ये कमी लॅटन्सीचा (कमी उशिराचा) मोड पण आलाय, स्केचसाठी तो ठीक, पण फायनलला मी जुन्याच मोडवर जातो कारण जी मजा आहे ती त्या उशिरातच आहे, व्हायोलिनवाल्याचं बोट खरोखर सरकायला तेवढा वेळ घेतं.

नुसते सूर सरकवून भागत नाही, मॉड व्हीलची रेघ काढावी लागते. समज यमनमधली चाल आहे, नि रे ग, मग तीव्र मध्यमावर थांबून पंचम. नवखा माणूस मॉड व्हील एकदा ७० वर ठेवतो आणि पुढे विसरतो, की झालं ऑर्गन. मी नि ला ३५ च्या आसपास सुरू करतो, ग पर्यंत ६० कडे नेतो, तीव्र मध्यमावर चढतच राहतं आणि पंचमाला पोचायच्या जरा आधी ८५ ला टेकून पंचमावर हळूहळू खाली येतं. ही रेघ माऊसने काढू नको, हाताने व्हील किंवा फेडर (वर-खाली सरकणारी खुंटी) फिरवून रेकॉर्ड कर, माऊसच्या सरळ रेघा ऐकू येतात, खरंच येतात. सीएसएसमध्ये सीसी दोन या मिडी कंट्रोलवर व्हायब्रेटो (सुराचं कंपन) वेगळा मिळतो, पंचमावर थांबल्यावर तो हळू वाढवला की एवढ्यानेच सेक्शन जिवंत होतो. तुझ्या कीबोर्डला नुसतं जॉयस्टिक असेल, सोडली की परत मधे येणारी, तर दोन-चार फेडरवाला छोटा कंट्रोलर घे, दहा नवीन लायब्रऱ्यांपेक्षा त्याने जास्त फरक पडेल.

एक बारीक गोष्ट जी आपल्याकडे कोणी सांगत नाही. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा सूर म्हणजे मिडल सी च्या खालचा जी, पांढरी पाच. गायक काळी एकचा असेल आणि तू मिडल सी शेजारच्या काळी एकवर सा धरलास तर मंद्र पंचम व्हायोलिनला मिळतो, मंद्र तीव्र मध्यम बरोबर उघड्या तारेवर येतो, जिच्यावर व्हायब्रेटो होत नाही, आणि त्याखालचा मंद्र गंधार व्हायोलिनला नाहीच. कीबोर्डवर तू दाबशील आणि एक तर आवाज येणार नाही नाहीतर तिथे कीस्विच (वाजवायची पद्धत बदलणारी की) असेल आणि अचानक पिझिकाटो सुरू होईल. लायब्ररी बिघडली म्हणून रडणारे पोट्टे मी पाहिलेत. तो गंधार व्हायोलाला दे, त्याची खालची तार अजून एक पंचम खाली, सी पर्यंत जाते. चाल व्हायोलिनकडून व्हायोलाकडे देताना एक-दोन सूर दोघांनाही दे म्हणजे सांधा कळत नाही.

आता मींड. आपल्या सिनेमातल्या जुन्या गाण्यांत व्हायोलिनचा ताफा एका सुरात सरकत जातो ना, तो आवाज सगळ्यांना हवा असतो, आणि एकही पाश्चात्त्य लायब्ररी तो जसाच्या तसा देत नाही. कारण सोपं आहे, त्यांनी जे सरकणं रेकॉर्ड केलंय ते त्यांच्या पद्धतीचं आणि ठरलेल्या गतीचं आहे. सीएसएसमध्ये की अगदी हळू दाबली तर पोर्टामेंटो (सुरावरून सुरावर सरकणं) येतो, छान येतो, पण पंचमावरून गंधारावर मधले सूर चाटत, रेंगाळत यायचं असेल तर ते त्याच्याकडे नाही. मग लोक पिच बेंड लावतात. लावू नको. रेकॉर्डिंग वाकवलं की त्याच्याबरोबर व्हायब्रेटोची गती बदलते, व्हायोलिनच्या पेटीचा पोत बदलतो आणि हॉलचा घुमार पण वर-खाली होतो, कान लगेच ओळखतो की काहीतरी रबरासारखं ताणलंय. अर्ध्या सुरापर्यंत, मिक्समध्ये मागे असेल तर चालून जातं, त्यापुढे नाही.

ऑडिओ मॉडेलिंगची स्वॅम म्हणून वाद्यं आहेत, त्यात रेकॉर्डिंग नसतंच, तार आणि गज यांचं गणित करून आवाज तयार होतो. तिथे तुला हवी तशी मींड, हवा तसा गमक काढता येतो. पण आवाज कोरडा, आणि सतत एक्स्प्रेशन दिलं नाही तर खेळण्यातलं व्हायोलिन. शिकायला वेळ असेल तर वाईट नाही.

पण मी तुला आतून सांगू का, नागपुरात व्हायोलिन वाजवणारी चांगली माणसं आहेत, कर्नाटकी पद्धतीने वाजवणारे पण सापडतात. मुख्य चाल सीएसएसवर लाव आणि एका माणसाला बोलावून तीच चाल त्याच्यावर तीन-चार वेळा वाजवून घे, थोडं उजवीकडे-डावीकडे पसरव, एक टेक पुढे ठेव. मींड तो माणूस देतो, भरगच्चपणा लायब्ररी देते. खाली दहा लोकांचा सेक्शन आहे आणि वरचा एकच खरा आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. गाण्यासाठी घरातली खोली आणि साधा कंडेन्सर माईक पण पुरतो, फक्त कूलर बंद कर. म्हणून म्हटलं ते उरलेले पैसे राखून ठेव. आणि हो, बोलावशील तर त्याचं मानधन आधी बोलून घे, चहापोह्यावर काम करून घेणाऱ्यांनी आपल्या गावाचं नाव पुरेसं खराब केलंय.

नाटकाचं काम करतोस म्हणून हॉलचा विषय. लायब्ररी जिथे रेकॉर्ड झाली त्या जागेचा आवाज तिच्यात चिकटून येतो. स्पिटफायरच्या बऱ्याच लायब्रऱ्या लंडनच्या एअर स्टुडिओच्या लिंडहर्स्ट हॉलमधल्या, तो मुळात चर्च होता, तिथला घुमार मोठा. बीबीसी वाली मेडा व्हेलला झाली. ऑर्केस्ट्रल टूल्सची बर्लिन सिरीज टेल्डेक्स स्टुडिओत. व्हिएन्ना सिंफनिकच्या जुन्या लायब्रऱ्या मुद्दाम बांधलेल्या सायलेंट स्टेजवर, म्हणजे जवळजवळ कोरड्या. हेडफोनवर ओला, म्हणजे घुमारवाला, आवाज भारी वाटतो हे खरं. पण तुझा ट्रॅक वाजणार कुठे, तर आपल्या सायंटिफिक नाहीतर देशपांडे सभागृहात, पीएवरून म्हणजे तिथल्या स्पीकरवरून, आणि त्या हॉलला स्वतःचा घुमार असतोच. घुमारावर घुमार चढला की सगळं एकात एक मिसळून चिखल होतो आणि मागच्या रांगेत संवाद ऐकू येत नाहीत. म्हणून नाटकासाठी लायब्ररीतला क्लोज (वाद्याजवळचा) माईक जास्त, ट्री (वादकांपुढे वर टांगलेला) थोडा, ॲम्बियंट (दूरचा) बंद. वरून रिव्हर्ब घालायचाच नाही. शॉर्टफिल्मला वेगळं मिक्स. अनेक ठिकाणी साउंडवाला दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो सोडतो, तर घरी एकदा मोनो दाबून ऐकून घे, दूरचे माईक जास्त असतील तर स्ट्रिंग्ज मोनोत पोकळ होतात.

संवादाखाली काय वाजवायचं हाही लायब्ररी निवडीचाच भाग आहे खरं तर. माणसाच्या बोलण्याचा स्पष्टपणा साधारण एक ते चार किलोहर्ट्झमध्ये असतो आणि जोरात वाजणारे वरचे व्हायोलिन नेमके तिथेच येऊन बसतात. चेलो आणि बासचे लांब सूर, मॉड व्हील तळाशी, एवढ्याने प्रसंग धरून ठेवता येतो. तर घेताना बघ की लायब्ररीचा सगळ्यात हळू आवाज किती हळू आहे. बऱ्याच सिनेमॅटिक म्हणवणाऱ्या लायब्रऱ्या जोरातच छान असतात, हळूत त्यांना काही बोलताच येत नाही, नुसता आवाज कमी केलेला जोर. एपिक ट्रेलरवाल्यांसाठी त्या बनलेल्या आहेत, तुला त्याचा उपयोग नाही. आणि सस्पेन्स आला की ट्रेमोलो ही सवय सोड बाप्पा, स्पर्धेत लागोपाठ चार नाटकं बघणाऱ्या परीक्षकाचा विचार कर.

सेक्शन किती लोकांचा आहे तेही बघायचं. पूर्ण सिंफनीचा ताफा १६ पहिले व्हायोलिन, १४ दुसरे, १२ व्हायोला, १० चेलो, ८ बास असा असतो. सीएसएसमध्ये १०, ७, ७, ६, ५. स्पिटफायर चेंबर स्ट्रिंग्जमध्ये ४ आणि ३, ३, ३, ३. लोक कमी तितका प्रत्येकाचा गज ऐकू येतो, जास्त तितका रेशमी आणि अंगावर न येणारा. नाटकाला, गाण्याला मधला आकार सगळ्यात कामाचा, म्हणूनही सीएसएस. चेंबर घेतलीस तर मराठी भावगीताला फार गोड बसते पण भीमगीताचा कोरस आणि ढोलक सुरू झाला की चार व्हायोलिन कुठे गेले कळत नाही.

लॅपटॉपबद्दल घाबरू नको, १६ जीबी रॅम पुरते. आजकालच्या लायब्रऱ्या पूर्ण रॅममध्ये चढत नाहीत, प्रत्येक सॅम्पलचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवतात आणि की दाबली की उरलेलं डिस्कवरून ओढतात. म्हणून डिस्क महत्त्वाची, फिरणारी हार्डडिस्क चालत नाही, तडतड आवाज येतो आणि सूर गळतात. लायब्ररी एसएसडीवर ठेव, मग कॉन्टॅक्टच्या, म्हणजे अशा लायब्रऱ्या वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये प्रीलोड बफर मूळचा ६० केबी असतो तो १२ पर्यंत कमी कर, रॅम धडाधड मोकळी होते. एक माईक ठेव, बाकी बंद कर, प्रत्येक माईक म्हणजे तेवढंच वेगळं रेकॉर्डिंग आणि तेवढीच रॅम. झालेला ट्रॅक फ्रीझ कर, म्हणजे त्याचा ऑडिओ करून ठेव. कॉन्टॅक्टमध्ये पर्ज म्हणून सोय आहे, न वापरलेले सूर रॅममधून काढून टाकते, ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. वाजवताना ऑडिओ ड्रायव्हरचा बफर २५६ वर ठेव, ४८ किलोहर्ट्झला ते साधारण सव्वापाच मिलिसेकंद होतात, मिक्सला १०२४ कर.

डाउनलोडचं नीट बघ. डिस्कव्हर जेमतेम २०० एमबी आहे, सीएसएस ३५ जीबीच्या आसपास, पण बीबीसी प्रोफेशनल ६०० जीबीच्या घरात आणि ईस्टवेस्टची हॉलिवूड ऑर्केस्ट्रा ओपस ९०० जीबीच्या वर. बरेच इन्स्टॉलर उतरवलेलं आणि उलगडलेलं दोन्ही एकाच वेळी ठेवतात म्हणजे जागा दुप्पट लागते. मे महिन्यात दुपारी दोनला हे करू नको, आपल्याकडे ४५ च्या वर पारा गेला की बाहेरची एसएसडी तापून मंद होते आणि लाइट गेली तर परत पहिल्यापासून. रात्री लाव.

ईस्टवेस्टचं म्हणशील तर हॉलिवूड स्ट्रिंग्ज २०१० ची, अजूनही तिचा आवाज ऐकला की छाती भरून येते. कंपोझर क्लाउड नावाची भाड्याची योजना आहे, महिन्याला थोडे पैसे आणि सगळं खुलं. अडचण एवढीच की पैसे बंद केले की लायब्ररी बंद, आणि दोन वर्षांनी निर्माता येऊन म्हणाला की त्या नाटकाचा शेवटचा पीस पाच सेकंद लांबव तर प्रोजेक्ट उघडून गप्प बसायचं. घेतलीसच तर प्रत्येक कामाचे सगळे ट्रॅक वेगवेगळे ऑडिओ करून ठेव. खरं तर विकत घेतलेल्यांचे पण ठेव. कंपन्या बदलतात, २०२५ मध्ये स्पिटफायर स्प्लाइसकडे गेली, लायसेन्स ठेवायचे ई-लायसेन्सरचे डोंगल बंद झाले आणि व्हिएन्ना सिंफनिकवाल्यांना आयलॉक या दुसऱ्या लायसेन्स पद्धतीवर जावं लागलं. वेव्ह फाइल मात्र कुठेही वाजते.

ऑर्केस्ट्रल टूल्सची एक गोष्ट मला आवडते, त्यांच्या साइन प्लेयरमध्ये बऱ्याच कलेक्शनमधलं एकेक वाद्य सुटं घेता येतं. तुला फक्त चेलो सेक्शन हवा तर तेवढाच घे. पुढे कधी ओबो, हॉर्न लागला तर तिकडेच जा, सगळा संच घेऊन बसायची गरज नाही.

घेण्याआधी पेजवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच, फुल कॉन्टॅक्ट लागतो का फुकटवाला कॉन्टॅक्ट प्लेयर चालतो. फुल लागणारी लायब्ररी प्लेयरमध्ये १५ मिनिटं वाजते आणि बंद पडते. स्वस्त लायब्ररी म्हणून घ्यायची आणि मग कॉन्टॅक्टसाठी परत पैसे, असं होतं. सीएसएस फुकटच्या प्लेयरवर चालते. दुसरं, बहुतेक लायसेन्स तुझ्या नावावरच राहतात, आवडली नाही तर ओएलएक्सवर विकता येत नाही. म्हणून डिस्काउंट आहे म्हणून घेतली हा प्रकार नको.

आणि ती मित्राची हार्डडिस्क. मी काही साधू नाही आणि तुला प्रवचन देणार नाही, पण धंद्याचं सांगतो. क्रॅक केलेला कॉन्टॅक्ट अपडेट होत नाही, विंडोज बदललं की मरतो, बऱ्याचदा सोबत व्हायरस घेऊन येतो, आणि एखाद्या ओटीटीवाल्याने किंवा म्युझिक लेबलने लायसेन्सबद्दल विचारलं की तोंड लपवायची वेळ. त्यापेक्षा मोठा तोटा म्हणजे त्यात चार टीबी माल असतो. रोज नवीन फोल्डर उघडून राहिला, एकेक पॅच ऐकून राहिला, आणि एकाही लायब्ररीचा मॉड व्हील कुठे काय करतो ते हाताला माहीत नाही. अशी पोरं माझ्याकडे येतात, डिस्क भरलेली आणि आठ ओळींची चाल तयार नाही.

फुकटात कायदेशीर एवढं आहे की सुरुवातीला कमी पडायचं नाही. डिस्कव्हर झाली, स्पिटफायरचीच लॅब्ज, त्यातला सॉफ्ट पियानो तर आता निम्म्या शॉर्टफिल्ममध्ये ऐकू येतो, जरा जपून वापर. प्रोजेक्टसॅमची फ्री ऑर्केस्ट्रा, प्लेयरवर चालते, नाटकात एखादा धक्का द्यायला चांगली. ऑर्केस्ट्रल टूल्सची लेयर्स, पूर्ण ऑर्केस्ट्रा एका बोटात, पॅडसारखी. नोटेशन लिहायची सवय असेल तर म्यूजस्कोरसोबत येणारे म्यूज साउंड्स, तिथे मॉड व्हील वगैरे काही करायचं नाही, लिहिलं की बऱ्यापैकी समजून वाजवतं. डिस्कव्हरचा फायदा असा की उद्या पैसे आले आणि तिची मोठी, विकतची आवृत्ती कोर घेतली तर तेच प्रोजेक्ट तिच्यावर उघडतं.

ब्रास तुला लागेल तेव्हा लागेल. शुभारंभाच्या तुतारीसारखं काही हवं असेल तर तुतारीवाला बोलाव, ट्रम्पेटच्या सॅम्पलला तुतारी म्हणून सोडू नको. तबला-ढोलकसाठी स्वरप्लग नावाचं सॉफ्टवेअर आहे पण इथे ढोलक वाजवणारे इतके तयारीचे बसलेत की मला तो प्रश्नच पडत नाही.

तर हिशोब. सीएसएसची यादीतली किंमत ४०० डॉलरच्या घरात, रुपयाचा भाव आणि कार्डाचा फॉरेक्स चार्ज धरून पस्तीस ते अडतीस हजार सांग. कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार आधी चालू करून घे, नाहीतर ऐन वेळी पेमेंट अडकतं. उरलेल्यात एसएसडी आणि फेडरवाला कंट्रोलर, आणि जे राहील ते व्हायोलिनवाल्याचं. पण पैसे लगेच भरू नको. आधी डिस्कव्हरवर तुझ्या चालू नाटकातला एक प्रसंग पूर्ण कर, फक्त स्ट्रिंग्जमध्ये, चार आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर, कॉर्ड एका हाताने दाबून नाही. कुठे अडतोस ते बघ. चालीत अडलास तर सीएसएस घेच. आवाज पातळ वाटला पण चाल नाहीच, नुसते ठेके आणि कॉर्ड आहेत, तर कदाचित बीबीसीचीच कोर तुला जास्त उपयोगी पडेल, लेगाटोचे पैसे वाया जातील.

आणि वेळेचं. मोठे सेल ब्लॅक फ्रायडेला, नोव्हेंबरच्या शेवटी लागतात, आणि आपली स्पर्धेची प्राथमिक फेरी पण साधारण त्याच सुमारास असते. सेलमध्ये मिळाली तर घे, पण चालू नाटकाच्या प्रोजेक्टमध्ये ती लोड करू नको. प्रयोग होऊन जाऊ दे, मग शांतपणे जुनाच एखादा पीस काढून त्यावर हात बसव, सूर सरकवायची सवय व्हायला एक-दोन महिने जातातच.